तुरीची कोरडी पंगत

आमच्या थोरल्या साडूंनी दुसऱ्यांच्या भेटीगाठींसाठी जेवढा जीव टाकला तेवढा अख्ख्या मराठवाड्यात कुठल्या सोयरीक जुळवणाऱ्यानंही टाकला नसेल. आणि ज्यांच्या भेटीसाठी टाकला ती मंडळी साध्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तुरीच्या पानात पेशी असते, पेशीत आणखी एक बारकी खोली असते आणि त्या खोलीत म्हणे दोन प्रथिनं राहतात. त्या दोघांनी एकमेकांचा हात धरला की तुरीचं झाड दुष्काळाशी झुंजायला उभं राहतं, नाही धरला की मान टाकतं. आता ह्यात तुम्ही-आम्ही काय करणार? आपण वरण ओरपून मोकळं व्हायचं. पण आमचे साडू त्या दोघांच्या पायी चौदा वर्षं अडकून पडले होते. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणतो. ते मला साडू म्हणतात, आणि अशा अदबीनं म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं ही एखादी पदवीच असावी.

सर राहतात नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला. चौदा वर्षं ते तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर मास्तर, घंटा झाली की कुणी नाही. सकाळचे तास नांदेडला, दुपारचे हदगावला, आणि मधल्या वेळात एस.टी.च्या खिडकीशी बसून गुडघ्यावर वही. डॉक्टरेट झाली की नांदेडच्या कॉलेजात जागा पक्की, असं त्यांना तोंडी सांगितलेलं होतं. पण डॉक्टरेट काही केल्या होत नव्हती. मुदतवाढीवर मुदतवाढ घेऊन शेवटी त्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं : जूनअखेर काम दाखल करा, नाहीतर नोंदणी रद्द. आमच्या मेहुणीबाईंनी ते पत्र देवघरात नेऊन ठेवलं. सरांनी ते तिथून काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर प्रथिनांची आकृती काढली.

आकृत्या काढायला त्यांना कागदच लागतो असं नाही. मी उदगीरच्या मोंढ्यात डाळीचा व्यापार करतो. सर दुकानात आले की गादीवर सांडलेल्या पिठीत बोटानं दोन गोळे काढणार, एक रेघ ओढणार आणि गिऱ्हाईक तिष्ठत असताना सांगणार, "हे बघा साडू, ही रेघ म्हणजे जनुक. जनुक म्हणजे कपाटात पडलेला लेखी हुकूम. 'पानांची छिद्रं बंद करा, पाणी राखा.' हुकूम तयार आहे, पण वाचणारा पाहिजे. हा पहिला फॅक्टर, म्हणजे पहिलं प्रथिन, येतो, जनुकाच्या दारात उभा राहतो, पण एकट्याचा पाय काही ठरत नाही, घसरून राहिला. दुसरा आला, त्यानं ह्याचा हात धरला, की दोघं घट्ट बसले. मग हुकूम वाचला जातो." एकदा तर गिऱ्हाईकच म्हणालं, "सर, दुसरा लौकर आणा, मला औशाची बस गाठायची हाय."

आणि हे प्रथिनांपुरतं राहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण एकटा माणूस दिसला की सरांना चैन पडत नाही. बसस्टँडवर दोन बाकांवर दोन अनोळखी माणसं गप्प बसलेली दिसली की हे मधोमध उभे राहणार. "तुम्ही ह्यांना ओळखता का? नाही? अरेरे! तुम्ही कुठले?" ह्या खोडीतून देगलूरच्या एका टायरवाल्याची आणि निलंग्याच्या एका पंक्चरवाल्याची भागीदारी झाली, ती अजून टिकून आहे. माझ्या पुतण्याच्या लग्नात मात्र हद्द केली. नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं ऐन रंगात. आणि सर मोठ्यानं म्हणतात, "हेच ते! हेच रोधक प्रथिन! दोघं तयार आहेत, पण मध्ये हा तिसरा आहे. हा बाजूला झाल्याशिवाय भेट नाही!" अंतरपाटाचं एक टोक धरलेल्या काकांना इतकं हसू आलं की पाट चार ओळी आधीच सुटला. भटजी अजून माझ्यावर डूख धरून आहेत. का, तर म्हणे तो माणूस तुमचा साडू ना!

त्यांचं बोलणं पहिल्या झटक्यात कळलं ते फक्त आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना. मी आणि बायको त्यांच्याच घरात राहतो. मामांचा ध्यास वेगळा होता. उदगीर जिल्हा होणार, ही बातमी आमच्याकडं दर पंधरा ऑगस्टला आणि दर सव्वीस जानेवारीला येते, आणि मामांचा तिच्यावर दर खेपेला नवा विश्वास बसतो. कलेक्टर कचेरी कुठं बांधायची, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. घराची पुढची भिंत पडायला आली तरी ते दुरुस्त करू देत नव्हते, कारण जिल्हा झाल्यावर रस्ता रुंद होणार. 'जि. उदगीर' असा रबरी शिक्कासुद्धा करून घेतला होता आणि तो अधूनमधून वर्तमानपत्राच्या कडेवर मारून बघायचे. सरांनी दोन फॅक्टरांची गोष्ट सांगितली तशी मामांनी मांडीवर थाप मारली. "आरं, ह्ये तर आमच्या जिल्ह्याचंच झालं की! हुकूम लिहून तयार हाय. एक सायब सही करायला येतो तर दुसरा दौऱ्यावर. दोघं एका टायमाला एका खोलीत बसतच न्हाईत!" सर उठून मामांच्या पायाच पडले. चौदा वर्षांत इतका हुशार विद्यार्थी मिळाला नव्हता, असं ते मला म्हणाले. मी पाच वेळा पिठी पुसून ऐकलं होतं, माझी काही गिनतीच नाही.

तर त्या साली दुष्काळ पडला. लातूरला पाणी रेल्वेनं यायला लागलं, त्याच उन्हाळ्याची ही गोष्ट. उदगीरला नळाला बारा-बारा दिवस थेंब नसायचा. आम्ही परातीत बसून आंघोळ करायचो, तेच पाणी मोरीत, तेच पुढं अंगणात. टँकरची चाहूल लागली की शहाणीसुरती माणसं हंडे घेऊन धावत सुटायची. आणि अशा वेळी सर नांदेडहून एस.टी.नं आले, ते चोवीस कुंड्या घेऊन! प्रत्येक कुंडीत महिन्याचं तुरीचं रोप. कंडक्टरनं म्हणे विचारलं, "ही मंडळी बसणार का उभी ऱ्हाणार?" सरांनी शांतपणे सांगितलं, "उभीच. सवय आहे त्यांना."

मी कपाळाला हात लावला. "सर, नांदेडला गोदावरी सोडून इकडं कशाला मरायला आलात?"

"साडू," ते कुंड्यांवरची धूळ झटकत म्हणाले, "नांदेडची हवा नदीकाठची, दमट. प्रयोगाला दुष्काळ अस्सल पाहिजे. तुमच्या जिल्ह्यासारखा दुष्काळ कुठंच नाही!"

कुणी तरी आपल्या गावाचं इतकं कौतुक करतंय म्हणून मामा खूश झाले आणि त्यांनी ओसरी मोकळी करून दिली. बारा-बारा कुंड्यांच्या दोन ओळी लागल्या. एका ओळीला रोज पाणी घालायचं, दुसरीला दहा दिवस थेंब नाही. दहाव्या दिवशी दोन्हींची पानं तोडायची, थर्माकोलच्या पेटीत गोठवून नांदेडला न्यायची आणि बघायचं की तहानलेल्या पानात ते दोघं भेटले का. भेटले तर डॉक्टरेट. पाण्याच्या ओळीला लागणारं पाणी सरांनी कुणाकडं मागितलं नाही. स्वतःची आंघोळ बंद केली. ओल्या पंच्यानं अंग पुसायचे आणि आंघोळीची बादली कुंड्यांना द्यायचे. तिसऱ्या दिवशी माझी बायको मला कानात म्हणाली, "जेवायला बसताना सरांच्या बाजूला बसू नका, वाऱ्याच्या बाजूला बसा."

रोज सकाळी प्रत्येक कुंडीचं वजन करायचं होतं, पाणी किती आटलं ते कळायला. त्यासाठी माझ्या दुकानातला काटा मी रोज उचलून आणायचो. पहिले दोन दिवस कोरड्या ओळीचं वजन रीतसर उतरलं. तिसऱ्या दिवशी जागेवर थांबलं. चौथ्या दिवशी वाढलं! सरांनी काटा झटकला, पुसला, स्वतःला तोलून बघितलं. काटा बरोबर होता. मग वहीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि त्यांनी ओसरीवर अशी काही उडी मारली की पडायला आलेल्या भिंतीनं आणखी दोन विटा सोडल्या. "साडू! ही तूर हवेतून पाणी ओढून राहिली!" त्यांनी तिथूनच आपल्या मार्गदर्शकांना फोन लावला, मेहुणीबाईंना लावला, हदगावच्या शिपायालासुद्धा लावला. पलीकडून कुणी काही विचारायच्या आत, "हवेतून हो, हवेतून!" एवढं ओरडून ठेवून देत होते.

दुपारपर्यंत गल्ली लोटली. हंडे बाजूला ठेवून बाया तुरीला बघायला आल्या. एकीनं कुंडीला हळदीकुंकू लावलं. कुणी विचारलं, "आमच्या म्हशीला खाऊ घातली तर म्हस बी हवेतून पेल का?" मामांनी धोतर बदललं, शिक्का खिशात घातला आणि गावातल्या एका बातमीदाराला बोलावून आणलं. "लिहा," मामा म्हणाले, "उदगीर जिल्ह्यात लागला शोध. आता बघतो जिल्हा कसा देत न्हाईत!" बातमीदार पोरगेला होता, पण चांगला होता. त्यानं चौकशीला म्हणून स्वैपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या मामींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, सहज विचारलं, "आजी, ह्या कोरड्या वळीला कुणी पाणी घालतं का?"

मामी जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. "मी घालते की," त्या म्हणाल्या. "रोज पहाटं. फुलपात्रं-फुलपात्रं."

सरांचा हात फोनवर तसाच राहिला.

"असं बघता काय समदे?" मामी उंबऱ्याबाहेर आल्या. "एका वळीला वाढायचं अन् समोरच्या वळीनं नुसतं बघत बसायचं? असला पंक्तिप्रपंच ह्या घरात कधी झाला न्हाई. जंगमस्वामीला वाढलं तेच भिकाऱ्याला वाढलं मी. कुणाचं पाणी न्हाई घेतलं, माझ्या प्यायच्यातलं घातलं."

मला हसावं की रडावं कळेना. सर मात्र खाली बसले. वही ओढली आणि विचारलं, "मामी, फुलपात्र भरून, का अर्धं?" मामी म्हणाल्या, "भरून. पंगतीत अर्धं वाढतात का?" आणि सरांनी वहीत खरोखर लिहिलं : 'कोरडी ओळ, तिसऱ्या दिवसापासून रोज एक फुलपात्र, सासूबाईंकडून.' मी म्हणालो, कुणाला कळणार आहे, खोडा ते. तर माझ्याकडं असं बघितलं की मी काटा उचलून दुकानात गेलो.

संध्याकाळी मामींना सगळं नीट कळलं. नोंदणी काय, जून काय, चौदा वर्षं काय. त्यांनी पदर तोंडाला लावला. नांदेडला मेहुणीबाईंकडं राखीव म्हणून बारा रोपं ठेवलेली होती. सर दुसऱ्या दिवशी जाऊन ती घेऊन आले, कोरड्या ओळीत मांडली आणि दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. आता दिवस मोजूनमापून उरले होते. एकदा चुकलं की संपलं. मामी कुंड्यांना हात लावून म्हणाल्या, "आता थेंब न्हाई घालणार. आण हाय माझी."

आणि त्यांनी शब्द पाळला. आम्ही सगळे इतके खूश, की दुसरं काही आमच्या लक्षातच आलं नाही. मामींनी आपला पाट कोरड्या ओळीपाशी आणून टाकला होता. तिथंच ज्वारी निवडायच्या, तिथंच जप करायच्या. मामा त्यांना चिडवायचे, "आता तू बी फॅक्टर झालीस बग." पाचव्या दिवशी माझ्या बायकोनं मला बाजूला घेतलं. "आई सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणी घेत नाही," ती म्हणाली. मी जाऊन मामींवर ओरडलोच. माझा आवाज मोंढ्यातला, गल्लीला ऐकू जातो. "मामी, वेड लागलं का? झाडं आहेत ती!"

"मग?" मामी शांतपणे म्हणाल्या. "त्यास्नी पाणी दिऊ नका म्हणलात, न्हाई दिलं. पर वळीतलं समदं तहानलेलं असताना वाढणारीनं त्यांच्या म्होरं बसून पाणी प्यायचं? ते काय मला जमायचं न्हाई. पाच दिवसांचा तर परश्न हाय, जावईबापू. थोरल्या जावयांचं काम हुऊ द्या."

हे सरांना सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. मी मूर्खासारखी पाळली. तेवढं सोडून बाकी सगळं मी स्वतःला माफ केलंय.

सातव्या दिवशी दुपारी मामी पाटावरून उठायला गेल्या आणि खांबाला धरून खाली बसल्या, तशाच आडव्या झाल्या. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मी डॉक्टरला आणायला पोरगा पिटाळला. सर आतून धावत आले. माझ्या बायकोनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. सरांनी फुलपात्र मामींच्या ओठाला लावलं, तर मामींनी ओठ गच्च मिटले आणि डोळ्यांनी कुंड्यांकडं खूण केली. मामा उशाशी बसून लहान पोरासारखे रडत होते. "अगं ए, असं करू नगं. जिल्हा हुईस्तवर तरी थांब की गं."

सर उभे राहिले. त्यांनी एकदा कुंड्यांकडं बघितलं. तुरीची पानं मिटायला लागली होती, सात दिवसांत पहिल्यांदाच हवी तशी मिटायला लागली होती. म्हणजे ते दोघं आता भेटतच होते. मग त्यांनी तांब्या घेतला, ड्रममध्ये बुडवला आणि पहिल्या कुंडीपाशी गेले.

"सर!" मी ओरडलो. "आधी पानं तोडा! सात दिवस तर सात दिवस!"

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पहिल्या कुंडीला पाणी, दुसरीला पाणी, अशा बाराच्या बारा. एकीलाही कमी नाही. मग फुलपात्र भरून मामींपाशी गुडघे टेकून बसले. "मामी, पंगतीला पाणी वाढलं. आता तुम्ही घ्या." मामींनी मान उचलून बाराव्या कुंडीपर्यंत बघून घेतलं आणि मग प्यायल्या. दोन फुलपात्रं प्यायल्या. थर्माकोलची पेटी कोपऱ्यात होती, तिची चिकटपट्टीसुद्धा कुणी काढली नव्हती.

मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले, पिठीत बोट घातलं, पण काही काढलं नाही. म्हणाले, "बारा झाडांची पानं तोडून गोठवायला अर्धा तास लागतो, साडू. अर्धा तास मामींना तसंच ठेवायचं होतं का?" मी चहा सांगितला.

जूनअखेर गेली, नोंदणी रद्द झाली, नांदेडच्या जागेवर दुसरं कुणी तरी आलं. सर अजून तासावरच शिकवतात. उदगीर अजून जिल्हा व्हायचंय. पण एक गंमत झाली. मामी त्या दिवसापासून सरांना 'डॉक्टर' म्हणायला लागल्या. सर आले की, "डॉक्टर आले, चहा टाका." गल्ली पण म्हणायला लागली. खोकला-पडसं घेऊन माणसं यायची आणि सर त्यांना बसवून दोन फॅक्टरांची गोष्ट सांगायचे. बरीचशी त्यानंच बरी होऊन जायची. आम्ही समजत होतो, मामींना वाटतंय डॉक्टरेट झाली. कुणीच खरं सांगितलं नाही. एकदा मात्र, काय झालं होतं कोण जाणे, त्या शब्दानं माझं डोकं सणकलं आणि मी बोलून गेलो, "कसले डॉक्टर, मामी!"

मामी सुपातली तूर पाखडत होत्या. त्याच बारा झाडांची. ती आम्ही परसात लावली होती. हात न थांबवता म्हणाल्या, "ठाव हाय मला. इद्यापीठानं न्हाई दिली. म्या दिली."

गेल्या वर्षी मामी गेल्या. सर नांदेडहून आले ते तुरीची एक कुंडी घेऊनच आले, आणि ती मामींच्या पाटाच्या जागी ठेवली. अजूनही ते येतात तेव्हा चार तासांच्या एस.टी.च्या प्रवासानं घसा सुकलेला असतो. माझी बायको उंबऱ्यातच तांब्या-फुलपात्र पुढं करते. सर फुलपात्र भरून घेतात, चपला न काढता सरळ ओसरीवर जातात आणि आधी तुरीला घालतात. मग दुसरं भरून आपण पितात. आम्ही पण तोवर थांबतो.